वेळेवर म्हणजे काय?

वाचकहो, जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुमारे 27 मीटर उंचीच्या या छायायंत्राच्या मापपट्टीवर दोन-दोन सेकंदांचे विभाग आहेत. परंतु सूर्यबिंबाला रुंदी असल्यामुळे छायेची कड काही सेंटीमीटर अंधुक पसरते. रेघ बारीक कोरली म्हणून वेळ तितकीच अचूक कळते, असे नव्हे!

संगणकाच्या बाजारात 'रिअल-टाइम' हा शब्द अशीच बारीक रेघ होऊन बसला आहे. विक्रेते त्याचा अर्थ 'अतिवेगवान' असा सांगतात. आम्हां अभियंत्यांना अभिप्रेत असते ती ठरल्या मुदतीत उत्तर येणारच, ही हमी. 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. वेग अपुरा नव्हता. एका दुय्यम कामाने सामाईक साधन अडवून धरले, मध्येच तिसरे काम घुसले आणि महत्त्वाच्या कामाची मुदत टळली. पृथ्वीवरून सुधारणा पाठवून तो दोष दूर करण्यात आला.

मात्र दुरुस्ती ज्या दाराने आत शिरते, त्याच दाराने घातपातीही शिरू शकतो. तेथे ओळख पटविण्यास लागणारा वेळही मुदतीतच धरावयास हवा. तो धरला आहे काय, असे मी विक्रेत्यांना विचारतो. उत्तरादाखल बहुधा रंगीत माहितीपत्रक हाती पडते.