यंत्राचा राजीनामा

भेटवस्तूवरचा कागद डेटा नावाचा यंत्रमानव फाडत नाही. निरोपाला जमलेले सहकारी भोवती उभे आहेत. कोवळा वेस्ली त्याला सांगतो की कागद टराटरा फाडायचा असतो. डेटा मात्र चिकटवलेली कडा हळूहळू सोडवत राहतो, कारण कागद पुन्हा उपयोगी पडेल. ज्या घरात असा कागद घडी घालून गादीखाली ठेवला जातो, तिथल्या प्रेक्षकाला हा अँड्रॉइड त्या क्षणी आपल्यातला वाटतो.

हा निरोप राजीनाम्याचा आहे. ब्रूस मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटाचे भाग सुटे करून त्याच्यासारखी अनेक यंत्रं बनवायची आहेत, आणि त्यासाठी डेटाची बदली त्याच्या हाताखाली झाली आहे. काम नीट होईल याची खात्री नसल्याने डेटा नोकरी सोडतो. मॅडॉक्सचं उत्तर असं की त्याला राजीनामा देताच येत नाही, कारण तो अधिकारी नव्हे, स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता आहे. जहाजावरच्या संगणकाने दुरुस्तीला नकार दिला तर कोणी ऐकून घेईल का?

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेचा ‘द मेजर ऑफ अ मॅन’ हा भाग फेब्रुवारी १९८९मध्ये प्रसारित झाला. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लेखनाकडे वळण्यापूर्वी वकिली केली होती. या कथेमागे ड्रेड स्कॉट खटल्याची प्रेरणा असल्याचं त्यांनी सांगितलं आहे. गुलामगिरीतून मुक्तता मागणाऱ्या स्कॉटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली सांगितलं की तो नागरिकच नाही, म्हणून संघराज्याच्या न्यायालयात त्याला दावाच लावता येत नाही. त्याच्या मागणीत दम आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी दारच बंद.

वकिलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर डेटाचा खटला जागोजागी उसवतो. न्यायाधीश फिलिपा लुव्हॉय यांनी डेटा मालमत्ता असल्याचा निर्णय आधीच दिलेला असतो, आणि त्याविरुद्धची तक्रार त्याच ऐकायला बसतात. डेटाची बाजू मांडणारा कॅप्टन पिकार्ड त्यांच्या जुन्या ओळखीतला. इतकंच नव्हे, एका जुन्या खटल्यात त्यांनीच त्याच्याविरुद्ध सरकारी बाजू चालवलेली. विरुद्ध बाजूने उभं राहायचं ते डेटाचा मित्र आणि वरिष्ठ असलेल्या रायकरने. लुव्हॉय यांचं कार्यालय नवं, कर्मचारी नाहीत, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडतं. त्याने हात राखून काम केलं तर डेटाविरुद्धचा निर्णय कायम. अमेरिकेच्या खऱ्या लष्करी कायद्यात गंभीर खटला चालवायला दोन्हीकडे पात्र वकील लागतात. तिथे हितसंबंधांची अशी गुंतागुंत पहिल्याच तारखेला उघडी पडली असती.

तरीही एक दृश्य असं आहे, जे वकिली केलेल्या माणसालाच सुचावं. रायकर डेटाची तांत्रिक रचना पडद्यावर चाळत असतो. शोधता शोधता त्याला हवा तो मुद्दा सापडतो आणि त्याचा चेहरा उजळतो. पुढच्याच क्षणी तो चेहरा पडतो. हा मुद्दा कोणाविरुद्ध वापरायचा आहे, हे त्याला आठवलेलं असतं. भर न्यायालयात तो डेटाचा हात काढून दाखवतो, मग पाठीवरचं बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा मान टाकतो. चांगला युक्तिवाद सापडल्याचा आनंद आणि त्याच युक्तिवादाची लाज एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकते, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

पिकार्ड खचतो. त्याला सावरते ती जहाजावर मद्यगृह चालवणारी गायनन. एका डेटाचे हजारो डेटा झाले की काय होईल, असं ती विचारते. इतरांना नको असलेली कामं करणारे, वापरून टाकून द्यायचे जीव जगात याआधीही होऊन गेले, याची आठवण ती करून देते. ही भूमिका हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे. ‘गुलामगिरी’ हा शब्द ती उच्चारत नाही. तो पिकार्डच्या तोंडून येतो.

आता निकाल. डेटाला आत्मा आहे का, हे ठरवण्याची आपली पात्रता नाही, असं लुव्हॉय सांगतात. त्या ठरवतात ते एवढंच की डेटा स्टारफ्लीटची मालमत्ता नाही आणि स्वतःपुरती निवड करण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे. आपल्याकडे दिवाणी न्यायालयात पुरावा सुरू होण्याआधी वादमुद्दे काढतात, आणि निकाल त्या मुद्द्यांपुरता असतो. सरावलेला न्यायाधीश तत्त्वज्ञानाचा मोठा प्रश्न बाजूला ठेवतो आणि समोरच्या माणसाचं आज अडलेलं काम सोडवतो. प्रक्रियेत इतक्या चुका असूनही हा भाग कायद्याच्या दृष्टीने खरा वाटतो, तो या आखूड निकालामुळे.

भारतीय वाचकाला तर यात परकं काही वाटू नये. महाराष्ट्रात देवस्थानाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं. अज्ञान मुलाच्या नावाला ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी जोड असते. ज्याला स्वतः बोलता येत नाही त्यालाही हक्क असू शकतात आणि त्याच्या वतीने कोणीतरी बोलावं लागतं, हे गावच्या तलाठ्यालाही ठाऊक असतं.

कोलकात्याच्या मल्लिक कुटुंबाचं प्रकरण डेटाच्या खटल्याशी चकित करण्याइतकं जुळतं. पूजेची पाळी आली की कुलदेवतेची मूर्ती आपल्या घरी नेता येईल का, यावर घरातच वाद झाला आणि तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ साली निकाल लागला: मूर्ती ही हलवाहलव करायची नुसती वस्तू नाही, ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि आपण कुठे राहावं याबद्दलच्या तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. मूर्तीला जाणीव आहे का, याचा पुरावा कोणी मागितला नाही. मात्र तिची बाजू मांडायला भांडणात हितसंबंध नसलेला माणूस न्यायालयाने नेमावा, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. डेटाला असा वकील मिळाला नव्हता. पिकार्ड कितीही सज्जन असला, तरी डेटा गेल्यास त्याच्याच जहाजावरचा अधिकारी कमी होणार होता.

प्रत्यक्षातल्या यंत्रांचे खटले मात्र वेगळ्या वाटेने गेले. अमेरिकेतले स्टीफन थेलर यांनी आपल्या संगणकप्रणालीने काढलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क मागितला. लेखक म्हणून यंत्राचं नाव आणि हक्काचे मालक म्हणून स्वतःचं, अशी त्यांची मागणी होती. २०२३ साली जिल्हा न्यायालयाने आणि मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली, कारण कायद्याला लेखक माणूसच हवा. मालिकेत यंत्र स्वतः ‘नाही’ म्हणतं. इथे यंत्राने काहीच मागितलं नव्हतं, मागत होता त्याचा मालक.

म्हणून यंत्राला ‘व्यक्ती’ म्हणण्याची घाई करणाऱ्यांकडेही नीट पाहायला हवं. युरोपीय संसदेने २०१७ साली प्रगत स्वयंचलित यंत्रांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या दर्जाचा विचार सुचवला, त्यानंतर दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. नुकसानीची जबाबदारी निर्मात्यांच्या अंगावरून यंत्रावर ढकलली जाईल, ही त्यांची भीती रास्त होती. आजची संभाषण करणारी प्रणाली म्हणजे डेटा नव्हे. पण तिच्या नावाने भांडणारा माणूस नक्की कोणाचं हित पाहतो, हा प्रश्न आजचाच आहे, आणि पडद्यावरच्या खटल्यांत तो क्वचित येतो.

मराठीत वेबमालिका लिहिणाऱ्यांनी असा खटला जरूर लिहावा. आपल्याकडे त्याला लागणारी भाषा आणि शंभर वर्षांपूर्वीचा दाखला, दोन्ही आहेत. फक्त पहिल्याच दृश्यात वकीलपत्र दाखवावं आणि त्यावर यंत्राच्या वतीने सही कोणी केली, हे प्रेक्षकाला वाचू द्यावं.