तोंड येणे

मराठीत डोळे येतात, तसे तोंडही येते. जे जन्मापासून जागेवरच आहे ते पुन्हा 'येते' कसे, हे वैयाकरणांनी पाहावे. आम्हांला मात्र हे क्रियापद नेमके वाटते. गेली वीस वर्षे ते आमच्याकडे न बोलावता येते, आठ-दहा दिवस मुक्काम ठोकते आणि निघून जाते. ओठाच्या आत, गालाच्या अस्तरावर किंवा जिभेखाली ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळट व्रण आणि भोवती लाल कडा. चेहरा बाहेरून धडधाकट, त्यामुळे सहानुभूतीची सोय नाही. व्रण जिभेच्या टोकाला असला की त, थ, द, न ही दंत्य मंडळी बोलण्यातून वजा होतात, आणि आमच्या मौनाला लोक विचारीपणा समजतात.

घरोघरी याचे निदान ठरलेले असते : उष्णता. मग साजूक तूप, मध, गुलकंद, जाईचा पाला. तुपाने झोंबणे घटकाभर शमते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. पण 'उष्णता' हे उत्तर मिळाले की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

या व्रणांचे मूळ कारण वैद्यकालाही पुरते उलगडलेले नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अस्तरावर उलटते, एवढे बहुतेकांना मान्य आहे. निमित्ते अनेक : गाल चावला जाणे, दाताची टोकदार कड, जागरण, मनाचा ताण, काहींच्या बाबतीत टूथपेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट. लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ यांची कमतरताही यामागे असू शकते. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ब-१२ची तपासणी तरी करून घ्यावीच. इस्रायलमध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणीत रोज रात्री १००० मायक्रोग्रॅम ब-१२ घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना सहाव्या महिन्यात एकही व्रण आला नाही. नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते.

आमचा स्वतःचा उपचार साधा आहे. मऊ ब्रश, बिनफेसाची पेस्ट, तिखट-आंबटाला रजा. चुरचुर सुरू होताच डॉक्टरांनी दिलेला ट्रायअ‍ॅमसिनोलोनचा लेप. व्रण कापसाने कोरडा करून वर अलगद टेकवायचा, चोळायचा नाही. आणि दिनदर्शिकेवर व्रण उठल्याच्या दिवशी एक फुली.

या फुलीला कारण आमचे मामा. जेवणानंतर तंबाखू-चुन्याची चिमूट हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. गालात एक व्रण झाला, तो दुखत नव्हता, म्हणून चार महिने तो 'उष्णता' या नावाखाली तुपावर राहिला. आमचा व्रण घर डोक्यावर घेतो आणि दोन आठवड्यांत मागमूस न ठेवता भरून येतो. कर्करोगाचा व्रण सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. वेदनेवरून आजाराचे वजन करण्याची आपली जुनी सवय नेमकी इथे दगा देते. मामा शस्त्रक्रियेतून वाचले. पण त्यांचे बोलणे आता मामीखेरीज कोणाला नीटसे कळत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी तळहातावर तंबाखू मळणे थांबलेले नाही. अशा मुलखात एक हिशेब प्रत्येक घराला पाठ हवा. तोंडातला कोणताही व्रण, दुखो वा न दुखो, तीन आठवड्यांत भरला नाही तर तो डॉक्टरांना दाखवायचा. व्रणांबरोबर डोळे लाल होत असतील, गुप्तांगावर व्रण उठत असतील, वजन घटत असेल किंवा जुलाब हटत नसतील, तर तीन आठवडेही थांबायचे नाही.

तूप खुशाल लावावे. दिवस मात्र मोजावेत.