ओळंबा

सुतारकाकांनी सवयीनं पिशवीतून ओळंबा काढला आणि दोरीचं टोक गाडीच्या छताला टेकवून खाली सोडला. पितळी लट्टू दोन-तीन हेलकावे घेऊन स्थिरावत आला. तेवढ्यात भाऊजी मागच्या दारातून आत चढले, गाडी त्यांच्या बाजूला जराशी कलली आणि ओळंबा पुन्हा झुलायला लागला. काका थांबले. पुन्हा स्थिरावला, तर ताई चहा घेऊन आली. चाळीस वर्षं घरांच्या चौकटी बसवलेला माणूस त्या झुलत्या लट्टूकडे बघत राहिला. मग दोरी गुंडाळत म्हणाला, "ताई, हितं सरळ कशाला म्हणायचं?"

माझं मन त्या प्रश्नाशी अडकलं ते अडकलंच.

ताई-भाऊजींनी निवृत्तीनंतर जुनी मालवाहू व्हॅन घेतली, फिरतं घर करायचं म्हणून. आत काहीच नव्हतं. पत्रा, पत्र्यामागच्या पोलादी फासळ्या आणि खोकी घासून घासून चकचकीत झालेला तळ. ही गाडी आज घाटात नाक वर करून उभी राहणार, उद्या समुद्राकडे उतरत्या वाळूवर. काकांनी शेवटी स्वतःच तोडगा काढला. गाडीचा तळ हीच धरणी मानायची, तिच्यावरून सगळी मापं. गुण्याही चालेना, कारण भिंती वर जाता जाता आत झुकतात. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आला. पुठ्ठा भिंतीशी धरायचा, पेन्सिल वायसरच्या भोकात घालून तो वायसर पत्र्याला टेकवत वरून खाली न्यायचा, की पत्र्याचा बाक जसाच्या तसा पुठ्ठ्यावर उतरतो. कापायचं, लावून बघायचं, सूतभर तासायचं आणि मगच 12 मिलिमीटरच्या प्लायला करवत लावायची. एका कपाटाच्या एका बाजूसाठी तीन पुठ्ठे वाया गेले. चौथा असा बसला की मध्ये पोस्टकार्ड सरकेना. जिथं फट असायला हवी होती तिथून मी कितीदा तरी बोट फिरवलं.

गल्लीतली मुलं या गाडीला 'टेम्पो' म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. तो मुळात हँबुर्गच्या हारबुर्ग भागातल्या एका कंपनीच्या गाड्यांचा छाप. 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, तिच्या तीनचाकींनी तो आपल्याकडे आणला आणि बघता बघता वीट, वाळू, गणपती, नवरीची कपाटं वाहणाऱ्या कुठल्याही गाडीचं ते नाव झालं. कंपनीनं 2005 मध्ये स्वतःचं नाव बदललं, पण शब्द आपल्याकडे राहिला. ताईची गाडी याच कंपनीची ट्रॅव्हलर. तिचा मूळ घाट मर्सिडीजच्या ज्या व्हॅनवरून घेतलेला, ती 1977 पासून जर्मनीत ब्रेमेनला बनायची, आणि तिकडे लोकांनी तिच्यात पलंग-चुली बसवून सुट्ट्या घालवल्या. म्हणजे लग्नाचं वऱ्हाड आणि शाळेची मुलं वाहणाऱ्या या सांगाड्याला घर होणं नवीन नाही.

तिकडे थंडी बाहेर ठेवायची असते, इकडे एप्रिलचं ऊन. म्हणून पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये काळा रबरी फोम चिकटवला, छताला दोन थर. मग वजनाचे हिशेब सुरू झाले. पाण्याची टाकी 60 लिटरची, म्हणजे भरल्यावर 60 किलो. ती उंचावर नको, एका कडेला नको. तळाशी, चाकांच्या जवळ. गॅस हवेहून जड. गळला तर खाली साचणार. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचं भोक तळाला, थेट रस्त्याकडे उघडणारं. 12.8 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 1280 वॅट-तास वीज. पंखा 30 वॅटचा. भाऊजी रोज रात्री वहीत हा भागाकार करतात, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर बी-बियाण्याचा हिशेब मांडणाऱ्या शेतकऱ्याचा आनंद दिसतो. आरटीओची फाइल वेगळी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 त्यांना आता पाठ आहे, कारण गाडीचं मूळ रूप परवानगीशिवाय बदलता येत नाही. हॉटेलच्या खोलीसारख्या सजवलेल्या, भला मोठा टीव्ही लावलेल्या कॅरॅव्हान मला आवडत नाहीत. खिडकीबाहेर अख्खा घाट असताना कुणाला पडदा बघायचा असतो?

मराठीत घर बांधतात. हे क्रियापद मी इतकी वर्षं वापरलं, पण त्यातली दोरी कधी दिसली नव्हती. इथं सगळं खरोखरच बांधावं लागतं. कपाटाला खटका, डब्यांपुढे आडवी पट्टी, ताटांमध्ये जुन्या साडीचे तुकडे. केरळातल्या केट्टुवळ्ळमच्या नावातही बांधणंच आहे. खिळा न मारता काथ्यानं शिवलेली, एके काळी भात वाहणारी ती होडी. आज तीच पाण्यावरचं घर झाली आहे.

एका संध्याकाळी ताईनं रिकाम्या तळावर खडूनं सगळं घर आखलं. इथं पलंग, इथं ओटा, इथं पाण्याचा नळ. मग ओट्याच्या रेघेपाशी उभी राहिली, डोळे मिटले आणि हवेतला चहा करायला लागली. हात डावीकडे गेला, साखर. वर गेला, चहाचा डबा. खाली, काड्यापेटी. एके ठिकाणी हात अडखळला, तशी तिनं डोळे उघडले, वाकून एक रेघ पुसली आणि वीतभर अलीकडे काढली.

मला आजोळची खाचरं दिसायला लागली. भोर तालुक्यात. दिवाळी सरून भात झोडून झालं की फलटणकडचे मेंढपाळ धनगर कोकणाच्या वाटेवर आमच्याकडे उतरायचे. बाप्ये मेंढ्या चारत डोंगराकडेनं यायचे. बाया घोडी घेऊन रस्त्यानं, त्यांच्या आधी. घोड्याच्या दोन्ही अंगांना पोती, वर घोंगड्या, त्यांवर पाल, पालावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि बाजूच्या जाळीतून तोंड काढून बघणारी दोन दिवसांची कोकरं. आम्ही पोरं रस्त्यावरच गाठायचो. त्यातल्या एका मावशीच्या मागे मी असायचो. ती आधी कोकरं उतरवायची, मग कोंबड्या, मग पाल. चूल वाऱ्याकडे पाठ करून. डावीकडे पिठाचं पोतं, उजवीकडे घागर, मागे मीठ-मिरचीचा डबा. कधी या खाचरात, कधी त्या, पण मांडणी तीच. अर्ध्या तासात तिथं घर असायचं.

एकदा मदत करायच्या उत्साहात मी तो डबा घागरीशेजारी ठेवला. तिनं उचलून पुन्हा मागे सरकवला. रागावली नाही. "मिठाची जागा हीच हाय, बाळा. अंधारात हात तिथंच जातो."

त्या रात्री मी मुद्दाम बघत बसलो. कंदिलाची वात बारीक केलेली, तिची नजर भाकरीवर. हात मागे गेला, झाकण उघडलं, चिमूट भरली, झाकण लागलं. तिनं मान वळवली नाही.

मेंढ्या वाघरीच्या जाळीत बसायच्या आणि वाघर रोज रात्री जरा पुढे सरकायची, म्हणजे लेंडीखत सगळ्या शेताला मिळावं. त्याबद्दल आजोबा पायलीनं धान्य मोजून द्यायचे. दोन-चार दिवसांनी सकाळी उठावं तर खाचर रिकामं. चुलीचे तीन काळे दगड आणि राख. पावसाळ्यात त्या खाचरातलं भात शेजारच्यापेक्षा गडद हिरवं यायचं, बांधावरून ते स्पष्ट दिसायचं. नांगरायच्या आधी आजोबा ते तीन दगड उचलून बांधावर ठेवायचे, आणि दिवाळी सरली की यंदा मेंढ्या बसवायच्या खाचरात नेऊन मांडायचे, वाऱ्याकडे पाठ करून. शेवटची दोन वर्षं ते तसेच मांडलेले राहिले, आणि नांगरायच्या आधी आजोबांनी राखेविनाच उचलले.