काजळी आणि हळद

ओडिशातील कंधमालच्या डोंगराळ मुलखातून परतून आज चौथा दिवस, तरी बोटांवरचा हळदीचा डाग पुरता गेलेला नाही. २३ ऑगस्ट २००८ रोजी विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वतींची हत्या झाल्यावर ख्रिस्तीविरोधी हिंसेचा जो वणवा पेटला, ज्यात शेकडो प्रार्थनामंदिरे जळाली आणि हजारो ख्रिस्ती जीव आधी रानात व मग सरकारी छावण्यांत आश्रयाला गेले, त्याचे पंचनामे आणि जबान्या दप्तरी दाखल आहेतच; पण माझ्या दृष्टीपुढून हलत नाही ती एका छप्पर नसलेल्या प्रार्थनामंदिराची काजळी धरलेली भिंत, आणि तिच्या पायथ्याशी उन्हात हळकुंडे पसरणारी वृद्धा.

“राग येत नाही?” दुभाष्यामार्फत मी विचारले. “येतो,” ती म्हणाली, “म्हणूनच रोज इथे येते.”

अहमदनगरच्या ख्रिस्ती घरात जन्मल्यामुळे क्षमेची प्रार्थना मी अक्षरओळखीच्याही आधी शिकलो. मात्र क्षमा करावी असे मोठे काही माझ्या वाट्याला कधी आलेच नाही, हे त्या भिंतीपाशी प्रथम जाणवले, आणि लाज वाटली. आशा म्हणजे विसर पडणे नव्हे, इतकेच तूर्त कळते.

निघताना तिने ओंजळभर हळकुंडे दिली. ती फडताळात आहेत. कुटायला अजून हात धजत नाही.