तुमची हरकत वाचावीच लागते!

आपल्या दारासमोरच्या रस्त्यावर गाडी लावायची की नाही, हे ठरवताना आपलं म्हणणं विचारात घेणं सरकारला भाग आहे, आणि तसं कायद्यात चक्क लिहून ठेवलं आहे! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. भाजीवाल्या मावशींना सांगितलं, रिक्षावाल्या मामांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

झालं असं, की सोलापुरात आमच्या पेठेतल्या रस्त्यावर सम-विषम तारखेप्रमाणे पार्किंग करायचा प्रस्ताव पेपरात छापून आला. छोटीशीच बातमी. खाली नेहमीची ओळ होती, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी कळवाव्यात. ही ओळ आपण सगळेच वाचतो आणि पान उलटतो. या वेळी माझी नजर तिथेच अडकली. या हरकती जातात कुठे? त्या वाचतं कोण? आणि वाचून पुढे काय होतं? मग मी कायदेच काढून बसले, आणि काय सांगू, एखादी कादंबरी वाचावी तशी वाचत गेले.

सोलापूरला पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे वाहनं रस्त्यावर कुठे आणि कोणत्या अटींवर उभी राहतील, याचे नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३३ने पोलीस आयुक्तांना दिला आहे. त्या कलमात वाहनांबरोबर गुरांच्याही थांब्याचा उल्लेख आहे! आपली नगरपालिका १८५२ची, जुन्या पेठांचे रस्ते बैलगाडीच्या काळातले, तेव्हा ते वाचताना मला मंगळवार पेठ, चाटी गल्ली, बाळीवेस असं सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. पण खरी गंमत पुढे आहे. हे नियम करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. अगदी तातडीची गरज असेल तरच ती पायरी गाळता येते. आणि नियम झाला की तो राजपत्रात तर छापायचाच, शिवाय त्या भागात नोटीस चिकटवून, दवंडी पिटून किंवा स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांना कळवायचा. दवंडी! आजही कायद्यात दवंडी आहे!

मसुदा प्रसिद्ध करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे १९०४ सालच्या महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात सापडतं. मसुद्यासोबत एक तारीख जाहीर करायची आणि त्या तारखेच्या आत कोणाही व्यक्तीकडून आलेली हरकत किंवा सूचना विचारात घ्यायची. कोणाही व्यक्तीकडून! घर स्वतःचं हवं असं नाही, त्या रस्त्यावर राहायला हवं असंही नाही. भाडेकरू चालतो, हातगाडीवाला चालतो, पूर्व भागातून रोज पेठेत कामाला येणारी बाई चालते, अजून मतदानाचं वय न झालेला कॉलेजचा पोरगाही चालतो. त्यातच मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ११७ म्हणतं, की गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवताना तिथल्या स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायचा. म्हणजे आपली महापालिकाही यात आली. तेव्हा हरकतीची एक प्रत महापालिकेच्या इंद्रभुवनात द्यायला काहीच अडचण नाही. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवकाच्या दारात जायची सोय नव्हती, तेव्हासुद्धा ही वाट उघडीच होती!

हे सगळं डोक्यात घेऊन मी रस्त्यावर उतरले, आणि रोजचाच रस्ता मला नव्याने दिसायला लागला. सम-विषम म्हणजे पी-वन, पी-टू. एका बाजूला विषम तारखेला गाड्या, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. ऐकायला किती सोपं! पण एका कापड दुकानदार काकांनी मला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि बोटांवर मोजत हिशेब मांडला. "हे बघा ओ ताई, एकतीस तारीख विषम. दुसऱ्या दिवशी एक, ती पण विषम. म्हंजे लागोपाठ दोन दिवस गाड्या माझ्याच दारात की!" मी कॅलेंडर काढून पाहिलं. एकतीस दिवसांच्या सातही महिन्यांच्या शेवटी असंच होतं. शेजारच्या वाड्यातल्या आजींनी तर आणखी पुढचं विचारलं. "रात्री बाराला तारीख बदलते, मग माझ्या नातवानं झोपेतून उठून गाडी हलवायची का गं?" मी ते दोन्ही प्रश्न तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतले. असे मुद्दे त्या रस्त्यावर राहणाऱ्या, तिथे धंदा करणाऱ्या माणसालाच सुचतात, आणि तेच कागदावर उतरून अधिकाऱ्याच्या टेबलावर जावेत म्हणून तर ही सगळी तरतूद आहे!

काका पुढे म्हणाले, "मालाचा टेम्पो सकाळी लवकर येतो. गठ्ठे उतरवायला तेवढा वेळ सोडा, मग दिवसभर नो पार्किंग ठेवलं तरी चालतंय की आम्हाला." मला तर टाळी वाजवावीशी वाटली. कारण 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेल्या कागदाचं अधिकारी तरी काय करणार? पण 'सम-विषम फक्त दुकानांच्या वेळेत ठेवा, रात्री दोन्ही बाजू रहिवाशांना मोकळ्या ठेवा, सकाळी माल उतरवायला ठरावीक वेळ द्या, रिक्षा स्टॉप कोपऱ्यापासून आत घ्या म्हणजे रुग्णवाहिका वळेल' असं लिहिलं, तर त्यातला प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा आदेशात उतरू शकतो. आम्ही तसंच लिहिलं. प्रत्येक मुद्द्यापुढे जागा, वेळ आणि कारण. सोबत रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडला. त्यात कुठे रस्ता अरुंद होतो, कुठे विजेची डीपी आहे, कुठे शाळेची रिक्षा थांबते, सगळं दाखवलं. सह्या करताना गल्लीतली माणसं त्या नकाशावर वाकून आपापलं दार शोधत होती!

आणि मग ती पोच! आवक विभागाच्या खिडकीत अर्ज दिला. आमच्या प्रतीवर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला, तारीख पडली, खाली बारीक सही झाली. इतका साधा कागद, पण आता तो सरकारी दप्तरात आहे. त्या क्रमांकावरून त्याचं पुढे काय झालं, हे कोणीही विचारू शकतं. तुम्ही काहीही विसरा, पण पोच घ्यायला विसरू नका!

यातून खरंच काही बदलतं का, असं मला सगळे विचारतात. पुण्याकडे बघा! तिथे 'पे अँड पार्क'चं धोरण आलं तेव्हा नागरिकांनी आणि संस्थांनी रान उठवलं. शेवटी मार्च २०१८मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने ते आधी पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक तत्त्वावर राबवायचं ठरवलं. पुण्याची वाहतूक शाखा नो पार्किंगचे आदेश आधी तात्पुरते काढते, हरकती मागवते आणि मग अंतिम करते. म्हणजे तात्पुरता आदेश निघतो तेव्हा दार अजून उघडं असतं, आणि आपण मात्र सगळं ठरून गेलं असं समजून घरी बसतो.

इंग्लंडमधली पद्धत वाचून तर मी थक्कच झाले. तिथल्या कौन्सिलला पार्किंगचा प्रस्ताव जाहीर केल्यावर हरकतींसाठी किमान २१ दिवस द्यावे लागतात. हरकत मान्य झाली नाही, तर आदेश काढल्यावर १४ दिवसांत हरकतदाराला त्याची कारणं लेखी कळवावी लागतात. आपल्याकडे असं असतं तर, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं, आणि मग माहिती अधिकार कायदा २००५ उघडला. कलम ४(१)(घ)! ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्यांना त्या निर्णयाची कारणं सांगणं हे प्रत्येक सरकारी कार्यालयाचं कर्तव्य आहे. कळवलं नाही, तर साध्या कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपला आवक क्रमांक लिहायचा आणि हरकतीवर काय निर्णय झाला, कोणत्या कारणाने झाला, ते विचारायचं. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कारणं कळण्याचा हक्क आपल्याकडेही आहे हो, फक्त मागायचा अवकाश!

कारणाचा मी एवढा आग्रह धरते, कारण सोलापूर बंधनांना घाबरणारं गावच नाही. दर जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येते. सात नंदीध्वज निघतात तेव्हा त्यांच्या मार्गावरची वाहतूक वळवली जाते, आणि कोणाची एका शब्दाची तक्रार नसते. उलट आदल्या रात्रीच माणसं आपापल्या गाड्या लांब नेऊन लावतात. का? कारण रस्ता कशासाठी मोकळा करायचा, हे इथल्या पोरापोराला ठाऊक असतं. तसंच कारण रोजच्या नो पार्किंगचंही कळू द्या. रुग्णवाहिका अडते म्हणून, शाळा सुटते म्हणून, अग्निशमनची गाडी आत शिरत नाही म्हणून. कारण पटलं की हेच सोलापूरकर स्वतः उभे राहून शेजाऱ्याची गाडी हलवायला लावतील, याची मला खात्री आहे.

तेव्हा आता पेपरात पार्किंगची सूचना दिसली की पान उलटू नका. शेवटची तारीख आधी बघा. संध्याकाळी गल्लीतल्या चार जणांना घेऊन रस्त्यावरून एक चक्कर मारा, दुकानदाराला विचारा, आजींना विचारा, रिक्षावाल्या मामांना विचारा. काय नको हे एका ओळीत लिहा, त्याऐवजी काय हवं हे दहा ओळींत लिहा, नकाशा जोडा, मुदतीच्या आत द्या आणि पोच घ्या. १९०४पासून कायदा 'कोणाही व्यक्ती'च्या कागदाची वाट बघतोय. ती व्यक्ती तुम्ही व्हा!