पोर्शन संपला, पण...

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. "आजोबा, इफिशियंट आणि इफेक्टिव्ह यांत फरक काय हो? मला दोन्ही कार्यक्षमच वाटतात." तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण चटकन उत्तर सुचेना. बीए मराठी माध्यमातून केलेलं, त्यामुळे उदाहरणही घरचंच आठवलं. हळदीचं!

आमच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. पूर्वी इकडे हळद मोठ्या कढईत शिजवायचे. पाणी जास्त, सरपण जास्त, वेळही जास्त. आता वाफेच्या कुकरमध्ये तेच काम कमी पाण्यात, कमी वेळात होतं. हे झालं इफिशियंट. पण हळद आतपर्यंत शिजली का, हे काडी टोचून बघावं लागतं. काडी सहज आत गेली तर शिजवणं इफेक्टिव्ह. घाईनं कच्चीच बाहेर काढली तर सरपण वाचलं, वेळ वाचला, काम मात्र झालं नाही.

"मग एफिकॅसी?" नातीनं विचारलं. हा शब्द आपण सगळ्यांनी करोनात ऐकला. 2020 च्या शेवटी फायझरच्या लशीची एफिकॅसी 95 टक्के असल्याचं जाहीर झालं. म्हणजे ठरवून, काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत दिसलेला गुण. तीच लस गावोगावच्या म्हाताऱ्या, आजारी, डोस चुकवणाऱ्या माणसांत जेवढी उपयोगी पडते, ती तिची इफेक्टिव्हनेस. मी तिला म्हटलं, "एफिकॅसीला गुणकारीपणा म्हण, इफेक्टिव्हला परिणामकारक, आणि कार्यक्षम हा शब्द इफिशियंटसाठी राखून ठेव."

नात खूश झाली. मी मात्र फोन ठेवून बराच वेळ तसाच बसलो.

गेल्या महिन्यात मोंढ्यात एक जुना विद्यार्थी भेटला होता. पाया पडला. मग खिशातून बँकेचा इंग्रजी कागद काढून हळूच म्हणाला, "सर, एवढं वाचून सांगता का?"

माझा पोर्शन दरवर्षी डिसेंबरातच संपायचा. हेडमास्तर इतरांना माझं उदाहरण द्यायचे, आणि मलाही त्याचा अभिमान होता. हा मुलगा तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचा. वर्षभर त्यानं एक प्रश्न विचारला नाही, आणि मीही त्याला विचारला नाही. काडी टोचून बघायची राहूनच गेली.

काल त्याला निरोप धाडलाय, दर रविवारी सकाळी घरी येत जा. आता पोर्शन संपवायची घाई नाही.