भिलठाण्यातील धनुष्य आणि दूरदेशीचा चेंडू

मलकापूरला रेल्वेतून उतरून बुलढाण्याकडे निघालेल्या प्रवाशाला प्रारंभी पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीनच सोबत करते. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीनची शेते पसरलेली असतात. मोताळा मागे पडले की अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड समोर उभी राहते आणि राजूर घाटाची वळणे सुरू होतात. घाट चढून वर आल्यावर हवेत गारवा जाणवू लागतो. जिल्ह्याचे हे मुख्यालय पठारावर वसलेले असल्याने विदर्भातील उन्हाळाही येथे काहीसा सौम्य वाटतो.

बुलढाणा जिल्ह्याची ओळख सहसा तीन ठिकाणांवरून सांगितली जाते. गजानन महाराजांचे शेगाव, राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा आणि बेसाल्ट खडकातील उल्काविवर म्हणून जगभर ज्ञात असलेले लोणार. समृद्धी महामार्ग मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून जाऊ लागल्यापासून या स्थळांकडे येणे सुकर झाले आहे. मात्र खुद्द बुलढाणा गावाकडे पर्यटकांचे पाय क्वचितच वळतात. ‘भिलठाणा’, म्हणजे भिल्लांचे ठाणे, या शब्दावरून गावाचे नाव पडले असे मानले जाते. ज्या समाजाची ओळखच धनुष्यबाणाशी जोडलेली, त्याच्या नावाने वसलेल्या या गावाने अलीकडच्या काळात धनुर्विद्येतच जागतिक कीर्ती मिळवावी, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

विलक्षण अशासाठीही, की येथील खेळाडूंनी ज्या धनुष्याने नाव कमावले ते भिल्लांच्या बांबूच्या कामठ्याचे वारसदार नव्हे. त्याला ‘कंपाउंड’ धनुष्य म्हणतात आणि ते अमेरिकेतून आलेले आहे. मिसूरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके बसवली आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. या चाकांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो आणि नेम धरण्यास उसंत मिळते. स्पर्धेत ५० मीटर अंतरावरून १५ बाण सोडायचे असतात. १० गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढे असते.

बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार या तरुणाने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असलेल्या नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. दीडशेपैकी फक्त एक गुण त्याने गमावला होता. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासमवेत त्याने दक्षिण कोरियाला नमवून सांघिक सुवर्ण पटकावले. त्यापूर्वी २०१९ मध्ये बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी चीनमधील चेंगडू येथे झालेल्या जागतिक पोलीस स्पर्धेत धनुर्विद्येची सुवर्णपदके मिळवली होती. या दोघांच्याही मागे चंद्रकांत इलग या स्थानिक प्रशिक्षकांचे मार्गदर्शन होते.

परक्या मातीतील खेळ एखाद्या गावी रुजतो तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना, बुलढाण्याच्या धनुष्याप्रमाणेच अमेरिकेत घडलेल्या दुसऱ्या एका खेळाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. नावात ‘फुटबॉल’ असले तरी त्यात चेंडू बहुतांशी हातातच असतो. लंबगोल चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत पुढे सरकायचे, हे त्याचे मुख्य सूत्र. पाय वापरण्याचे प्रसंग मोजकेच. त्यांपैकी एक म्हणजे उंच खांबांच्या मधून, १० फुटांवरच्या आडव्या दांडीच्या वरून चेंडू मारून गुण मिळवणे. नेहमीच्या फुटबॉलमध्ये चेंडू दांडीच्या खाली ठेवायचा, येथे वर न्यायचा, एवढाच काय तो फरक. नेमक्या याच फटीतून युरोपच्या फुटबॉलपटूंनी या खेळात प्रवेश केला.

पूर्वी अमेरिकेत चेंडूला समोरून सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारत असत. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेल्या कुटुंबातील पीट गोगोलाक याने १९६४ मध्ये व्यावसायिक मैदानावर उतरून तिरके धावत येऊन पायाच्या वरच्या भागाने चेंडू मारण्याची युरोपीय पद्धत दाखवली. तिने लांबी आणि अचूकता दोन्ही वाढली. १९७१ मध्ये टोनी फ्रिट्श हा ऑस्ट्रियाचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू डॅलस काउबॉईज संघात दाखल झाला. १९६५ मध्ये वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध दोन गोल करून ऑस्ट्रियाला विजय मिळवून देणारा तो हाच. नॉर्वेचा यान स्टेनेरुड तर बर्फावरून स्की-उड्या मारण्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित किकर म्हणून गौरवला गेला. १९९७ मध्ये इंग्लंडचा निवृत्त फुटबॉलपटू क्लाइव्ह ॲलन याने लंडन मोनार्क्स संघासाठी हेच काम केले. या मंडळींनी आपली जुनी विद्या टाकून दिली नाही. नव्या खेळात तिला कोठे जागा आहे, हे त्यांनी ओळखले.

युरोपातील प्रेक्षकांना या खेळाची गोडी लागली ती मात्र निराळ्या मार्गाने. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अमेरिकन सैनिकांच्या छावण्या होत्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खेळही आले. १९७७ मध्ये फ्रँकफर्ट येथे पहिला जर्मन क्लब स्थापन झाला आणि १९७९ पासून राष्ट्रीय लीग सुरू झाली. अमेरिकेच्या एनएफएल या बलाढ्य संस्थेने १९९१ पासून युरोपात स्वतःची लीग चालवली, परंतु २००७ मध्ये ती बंद केली. त्या वेळी तिच्या सहा संघांपैकी पाच जर्मन होते. वरून आलेला पैसा थांबला, तरी गावोगावचे क्लब थांबले नाहीत. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये म्युनिक येथे एनएफएलचा नियमित हंगामातील सामना प्रथमच जर्मनीत झाला, तेव्हा स्टेडियम तुडुंब भरले.

महाराष्ट्रालाही या खेळाचा स्पर्श होऊन गेला आहे. २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली. अमेरिकेतील नामवंत माजी खेळाडू तिचे पाठीराखे होते. ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ असे संघ उभे राहिले. रग्बी, कबड्डीसारख्या खेळांतील तरुण अंगावर संरक्षक कवच चढवून मैदानात उतरले. कबड्डीतील पकड आणि चढाईची चपळाई येथे उपयोगी पडत होती, म्हणजे विद्येची अडचण नव्हती. पहिल्या हंगामाचे विजेतेपद पुण्याच्या संघाने मिळवले. तरीही ती लीग टिकली नाही. तिची आखणी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसाठी होती. शाळेच्या पटांगणावर हा चेंडू कधी आलाच नाही, आणि मुलांना दररोज शिकवणारा गुरुजीही त्याला लाभला नाही.

बुलढाण्याचे वेगळेपण येथेच आहे. या गावात धनुष्य आले तेव्हा त्याच्या मागे जाहिराती नव्हत्या की मोठे गुंतवणूकदार नव्हते. होती ती सकाळ-संध्याकाळची शिस्त आणि एकाच ठिकाणी पाय रोवून शिकवणारा प्रशिक्षक. बँकेतील आवर्ती ठेवीसारखे हे काम असते. दरमहा भरलेली रक्कम किरकोळ वाटते, पण खंड पडला नाही तर मुदतीअखेर हाती येणारी पुंजी पाहून भरणाराच चकित होतो. जिल्ह्यातील अनेक मुलांच्या दृष्टीने मैदान हा पोलीस वा सैन्यदलातील नोकरीचा मार्ग असतो. त्यांच्यापुढे परक्या खेळाचा केवळ देखावा ठेवायचा की तो शिकवणारा माणूस आणि सरावाची जागा द्यायची, यावर त्यांचे पुढील आयुष्य ठरू शकते.

हे दोन्ही अमेरिकन खेळ आता एकाच वेशीवर येऊन भेटणार आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार असलेल्या ‘फ्लॅग फुटबॉल’ला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तेथेच प्रवेश मिळाला. या प्रकारात अंगावर धडकायचे नसते. कमरेची पट्टी ओढली की खेळाडू थांबवला, असे समजतात. पुढे एप्रिल २०२५ मध्ये कंपाउंड धनुष्याच्या मिश्र सांघिक प्रकारालाही त्याच ऑलिंपिकमध्ये स्थान देण्यात आले. आजवर या धनुष्याला ऑलिंपिकचे दार बंद होते.

लोणार, शेगाव आणि सिंदखेडराजाचे दर्शन घेणाऱ्यांनी म्हणूनच सवड काढून राजूर घाट चढावा. बुलढाण्यात भव्य स्मारके फारशी नाहीत. परंतु दूरदेशी घडलेली वस्तू आपल्या मुलांच्या हाती देऊन, तिला आपलीशी करून, पुन्हा जगासमोर कसे उभे राहावे, याचा धडा या पठारावरच्या लहानशा गावाने घालून दिला आहे. इतर तालुक्यांना तो गिरवायचा असेल तर आरंभ मैदानापासून आणि तेथे रोज येणाऱ्या एका गुरूपासून करावा लागेल.